दुकानाचे कार्ड आणि घरची रोजकीर्द

डिपार्टमेंटल स्टोअरच्या नावाचे क्रेडिट कार्ड हल्ली आपल्या घराघरांत आले आहे. त्यास माझा विरोध नाही. मुदतीची उधारी आपण धान्यबाजारात पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आलो आहोत. परंतु बिलावरील ‘किमान देय रक्कम’ हे शब्द मला घातक वाटतात. आमच्याच घरी तेवढी रक्कम भरून खाते चुकते झाले, असा समज झाला होता. व्याज दरमहा ३.५ टक्के, म्हणजे सालाचे ४२. शिवाय बाकी राहताच नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. अशा दराने आडत्याकडून आपण एक पोतेही उचलणार नाही! कार्डावरील खरेदी त्याच दिवशी रोजकीर्दीत नावे टाकावी, व बिल मुदतीपूर्वी पुरते फेडावे. नको असलेले कार्ड बाकी चुकवून लेखी बंद करवावे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड देणाऱ्या बँकेस त्यासाठी कामकाजाचे ७ दिवसच मिळतात.