नाला खोल करण्याआधी

भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. जानेवारी १८२३ मध्ये वाटेतच, हिंगणघाटला, तो वारला. त्याची कबर वेणेकाठच्या याच गावात आहे. पण त्या मोजणीतून घडलेला नकाशा आसपासच्या गावांच्या कारभारात क्वचितच डोकावतो.

याच भागातल्या गिरडसारख्या गावात नाल्याच्या कामाचा विषय निघाला की टेबलावर पसरतो तो गावनकाशा. त्यात गट क्रमांक, धुरे, पांदण सगळं असतं, उतार नसतो.

उतार सापडतो तो त्या मोजणीतूनच घडलेल्या, सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर. गिरड ५५ पी या क्रमांकात येतं. १९०५ नंतर एका इंचाला एक मैल या प्रमाणावर रंगीत शीट निघू लागली. त्यांवर तपकिरी समोच्च रेषा उतार दाखवतात. उन्हाळ्यात आटणारा नाला काळा, पाणी टिकणारा भाग निळा. काठाशी बारीक आकडा आणि इंग्रजी ‘आर’ दिसला, तर ती काठाची उंची किंवा खोली.

डिसेंबर २०१४ मध्ये पाणी अडवण्याचं राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, तेव्हा ‘माथा ते पायथा’, म्हणजे आधी वरच्या उतारावर आणि मग खाली काम करायचं, हे तत्त्व कागदावर होतंच. प्रत्यक्षात भर राहिला जेसीबीने नाले खोल करण्यावर, अशी टीका झाली, अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा त्यावरून उच्च न्यायालयातही गेले. माथा कुठे आणि पायथा कुठे, हे गावनकाशावरून ठरवायचं तरी कसं?

जुनी शीट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पन्नास फुटांच्या अंतराने काढलेल्या रेषांत शेतातला लहान चढउतार हरवतो. धरणं, कालवे, रस्ते नंतर आले. म्हणूनच जुनी आणि नवी शीट शेजारी ठेवून पाहावी: कोणता ओढा नांगराखाली गेला, कुठे रस्त्याने पाणी अडवलं, ते तिथेच कळतं.

२०१७ पासून १:५०,००० ची नवी शीट फुकट उतरवून घेता येते. जुन्या आवृत्त्याही तशाच खुल्या कराव्यात, आणि नाल्याच्या अंदाजपत्रकाला दोन्हींची प्रत जोडल्याशिवाय तांत्रिक मंजुरी देऊ नये. या कामाला लागणारा खर्च झेरॉक्सपुरताच आहे.