शौर्य हरले नाही, फ्यूज हरला!

युद्धाची चर्चा निघाली की आपल्याकडे विमाने मोजली जातात. शत्रूकडे किती, आपल्याकडे किती, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. त्या विमानांच्या पंखांखाली काय लटकते आणि ते ऐन वेळी फुटेल काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो न विचारण्याची किंमत काय असते, हे १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाला कळून चुकले.

अर्जेंटिनाचे वैमानिक भ्याड नव्हते. ब्रिटिश नौकांवरील रडार आणि सी डार्ट क्षेपणास्त्रे यांना चकवण्यासाठी ते लाटांना जवळजवळ घासून येत. २१ मे रोजी अँट्रिम या विनाशिकेत एक, तर आर्गोनॉट या फ्रिगेटमध्ये दोन बॉम्ब घुसले. एकही फुटला नाही. २३ मे रोजी अँटिलोपमध्ये दोन बॉम्ब शिरले. तेही निपचित पडून राहिले. त्यांतील एक फुटला तो ब्रिटिश तंत्रज्ञ त्याला निकामी करू लागले तेव्हा. ८ जून रोजी प्लिमथला चार बॉम्ब लागले, चारही मुके! प्राण पणाला लावून साधलेला नेम वाया गेला.

असे का व्हावे? बॉम्ब सुटतो तेव्हा त्याच्या अंगी विमानाचाच वेग असतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला २५० मीटर अंतर कापते. त्याने ३० मीटरवरून टाकलेला साधा बॉम्ब सुमारे अडीच सेकंदांत खाली पोचतो आणि तोवर विमानाच्या पोटाखालूनच धावत असतो. तिथेच स्फोट झाला तर आपल्याच वैमानिकाचा घात! म्हणून फ्यूज सुटल्याबरोबर सज्ज होत नाही. त्यावरील छोट्या पंख्याचे ठरावीक फेरे व्हावे लागतात किंवा ठरावीक वेळ जावा लागतो. अर्जेंटिनाचे वैमानिक इतक्या खालून येत होते की अनेकदा ती वेळ भरण्याआधीच बॉम्ब नौकेत शिरत होता.

यावर उपाय नव्हता काय? होता, आणि तो नवाही नव्हता. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये वापरलेल्या ‘स्नेकआय’ बॉम्बच्या शेपटीची चार पाती सुटताच छत्रीसारखी उघडतात. काही बॉम्बना त्यासाठी छोटे पॅराशूट असते. बॉम्ब मागे रेंगाळतो, विमान पुढे निसटते आणि फ्यूजला सज्ज होण्यास अवधी मिळतो. २१ मे रोजीच अर्जेंटिनाच्या नौदलाच्या स्कायहॉक विमानांनी असे बॉम्ब आर्डेंटवर टाकले. आधीच्या हल्ल्यात घायाळ झालेली ती फ्रिगेट त्यातून सावरली नाही. एकच देश, एकच दिवस, तेच धैर्य. फरक होता तो शेपटीच्या चार पात्यांचा.

याहून बोचरी गोष्ट अशी की, अर्जेंटिनाच्या वायुदलाने टाकलेल्या १००० पौंडी बॉम्बपैकी अनेक मूळचे ब्रिटिश बनावटीचे होते. शत्रूचेच आयुध विकत घ्यायचे आणि त्याने शत्रूलाच जिंकू म्हणायचे! तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याच्या हाती पाणी लागत नाही.

‘आता दूरवरून नेमके जाणारे बॉम्ब आहेत, ही जुनी कहाणी कशाला?’ असे काही शहाणे म्हणतील. त्यांना एवढेच विचारावे, की त्या नेमक्या बॉम्बला फ्यूज नसतो काय? तो कोणत्या उंचीला, कोणत्या वेगाला, किती क्षणांनी सज्ज व्हावा, हे ज्याने ठरवले त्याच्याच हाती आपल्या वैमानिकाचा प्राण आणि त्याचे यश असते. तो परका असेल, तर ऐन युद्धात त्याचे दार ठोठवावे लागेल.

म्हणूनच १९५८ साली स्थापन झालेल्या आणि पुण्याच्या पाषाण भागात असलेल्या आयुध संशोधन संस्थेचे मोल मोठे आहे. जलद विमानांसाठी ४५० किलोचा बॉम्ब तिनेच विकसित केला. या कामाची संचलने निघत नाहीत, त्याला टाळ्या पडत नाहीत. पण वैमानिक आकाशात झेपावतो तेव्हा त्याच्यासोबत या कारागिरांचे वर्षानुवर्षांचे श्रम झेपावत असतात.

शूरांचे पोवाडे गाणारा समाज त्यांच्या शस्त्रांची चिंता वाहत नसेल, तर तो शूरांना केवळ मरणाला पाठवतो. विमाने जरूर मोजावीत. पण त्याआधी फ्यूज तपासावा!