वीज, वाफ आणि काठाची चिंधी

विट्यात यंत्रमागधारकांची बैठक कोणत्याही विषयावर बोलावली, तरी ती शेवटी वीजबिलाच्या सवलतीवर येऊन थांबते. ते साहजिक आहे. सुताचा भाव मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याच्या हातात नाही, कापडाचाही नाही. थोडेफार आवरता येते ते बिलच. सवलत मिळालीच पाहिजे. पण सवलतीची वीजही बहुतांशी कोळशाचीच असते आणि यापुढे कापड घेणारा तेही विचारणार आहे. युरोपीय संघाचा शाश्वत उत्पादनांचा कायदा जुलै २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार कपड्यांना त्यांची माहिती देणारा डिजिटल पासपोर्ट लागू होऊ घातला आहे. निर्यातदाराकडे मागितलेली माहिती फिरत फिरत आपल्या शेडपर्यंत येणारच.

चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहून वीस वर्षे उलटून गेली. तिथला वारा जून ते ऑगस्टमध्ये सर्वांत जोरात असतो आणि नेमकी तेव्हाच ढगांमुळे सौरवीज घटते. उरलेल्या वर्षात आटपाडी, जत, खानापूर भागात उन्हाला तोटा नाही. दिवसपाळीला ऊन, पावसाळ्यातल्या रात्रपाळीला वारा, अशी सांगड इथे बसू शकते. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी हरित वीज थेट विकत घेण्यासाठीची १ मेगावॉटची अट १०० किलोवॉटवर आणली. सूतगिरणीला हे दार उघडले, पण २७ अश्वशक्तीच्या आतला मागधारक जेमतेम २० किलोवॉटचा. तो बाहेरच राहिला. ऊस आणि दूध ज्यांनी सहकाराने उभे केले, त्या सांगली-सातारा जिल्ह्यांत पाच-सहा शेडनी मिळून वीज घेणे अवघड का वाटावे? अशा संस्थेला एकच ग्राहक मानावे, ही मागणी सवलतीच्या मागणीइतक्याच जोराने पुढे यायला हवी.

मात्र वीज स्वच्छ झाली म्हणजे कापड स्वच्छ झाले, असे नाही. सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ देणे, आणि प्रोसेसिंगमध्ये खरी भूक वाफेची असते. बॉयलरात काय जळते, याचा हिशेब सौरपॅनेलच्या फोटोत दिसत नाही. जाळायला उसाचा बगॅस आपल्या दारात आहे. साखर कारखान्यांशी त्याबद्दल बोलणी व्हावीत.

आता चिंधीबद्दल. साध्या मागावर धोटा परत फिरतो, म्हणून कापडाचा काठ आपोआप बांधला जातो. बिनधोट्याच्या रेपिअर मागावर प्रत्येक आडवा धागा कापला जातो आणि त्याची टोके धरायला बाजूला खोटा काठ विणावा लागतो. विणता विणता तो कापून निघतो आणि मागाखालच्या डब्यात झालरीसारखी पट्टी साठत जाते. वेग वाढला, हे खरे. पण हा कचरा आपण नव्याने विकत घेतला. त्याहून वाईट म्हणजे कापड शुद्ध सुती असले तरी खोट्या काठाला बऱ्याचदा पॉलिएस्टरचा धागा लावतात, कारण तो तुटत नाही. त्या एका धाग्याने सगळी पट्टी मिश्र होते. शुद्ध सुती चिंधी पिंजून ओपन-एंड कताईत पुन्हा कातता येते. मिश्र चिंधीला तो भाव मिळत नाही. माग लावणाऱ्या जॉबरने काठालाही सुती धागा लावावा, चिंधीची पोती मागानुसार वेगळी ठेवावीत. यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

माणदेशातली घोंगडी या हिशेबात कुठे बसते, तेही पाहू. दख्खनी मेंढीची लोकर, तिचाच काळा-पांढरा रंग, हातसूत आणि खड्ड्यातला माग. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळून पाजतात आणि ती उन्हात वाळते. रंगाचे सांडपाणी नाही, बॉयलर नाही. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी आणि खणाबरोबर घोंगडीचेही नाव आहे. तरीही लोकरीला कातरणीची मजुरी सुटेल एवढा भाव नसल्याने कित्येक मेंढपाळ ती टाकून देतात. घोंगडीची प्रदर्शने पुरे झाली. दहिवडी-म्हसवड भागात लोकर गोळा करून रंग आणि लांबीनुसार प्रतवारी लावणारे केंद्र हवे, आणि कातरणीच्या हंगामाआधी भाव जाहीर व्हायला हवा.