तारण नको म्हणणारी योजना, तारण मागणारी बँक

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या कर्जासाठी होणारी तारणाची मागणी

महोदय,

अर्ज झाले, स्मरणपत्रे झाली, उत्तर आले नाही. म्हणून आता हे पत्र सर्वांसमक्ष लिहिते आहे.

मला गोंडपिपरी तालुक्यात मिरची कांडप आणि आटाचक्की टाकायची आहे. मालक मी, कामगार मी, हिशेब लिहिणारीही मीच. प्रकल्प 5 लाखांचा. आपल्या 2019 च्या योजनेचा हिशेब मला पाठ आहे : ग्रामीण भागातल्या महिलेने 5 टक्के म्हणजे 25 हजार घालायचे, सरकारचे अनुदान 35 टक्के म्हणजे 1 लाख 75 हजार, उरलेले 3 लाख बँकेचे. माझे 25 हजार तयार आहेत. पुढे सगळे अडले आहे.

बँकेचे पहिले वाक्य असते, "सातबारा आणा." दुसरे, "सरकारी नोकरीतला जामीनदार आणा." सूक्ष्म व लघु उद्योगांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच बजावले आहे. मी मागते ते 3 लाख. मग ही मागणी कोणत्या नियमाने होते? आणि आमच्याकडे जमीन आहे ती वनहक्काच्या पट्ट्याची. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4(4) सांगते की, हा हक्क वारसाकडे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे जे तारण मागायला मनाई, तेच मागतात. आणि जे द्यायला कायद्याने मनाई, ते दिले नाही म्हणून कर्ज नाकारतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अशा पट्टेधारकांनी उद्योग करायचाच नाही का?

बँकेने नाकारले की अनुदानही गेले, कारण अनुदान कर्जाला जोडलेले आहे. ते मिळाले तरी तीन वर्षे बँकेत अडकून राहते. मग उरतो खाजगी सावकार. शेकडा तीन रुपये महिना दराने 3 लाख उचलले तर वर्षाला 1 लाख 8 हजार नुसते व्याज, दोन वर्षांत 2 लाख 16 हजार. आपल्या अनुदानापेक्षा 41 हजार जास्त. मुद्दल तसेच उभे.

बाकीचे खर्च थांबत नाहीत. उद्यम नोंदणी फुकट आहे, हे खरे. पण प्रकल्प अहवाल, कोटेशन, थ्री-फेज जोडणीची अनामत, चंद्रपूरच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी फुकट नाही. साध्या करारनाम्याला 100 चा मुद्रांक चालायचा, तो ऑक्टोबर 2024 पासून 500 चा झाला. मिरची कांडायचा हंगाम उन्हाळ्याचा. फाईल पावसाळ्यात हलली तर यंत्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बसून राहते आणि हप्ता मात्र चालू होतो.

जानेवारी 2025 मध्ये दावोसला 15 लाख 70 हजार कोटींचे करार झाल्याचे आपल्या सरकारने सांगितले. गडचिरोलीतल्या सुरजागड खाणीच्या खनिजाचे ट्रकही आमच्याच रस्त्यावरून जातात. मोठ्या कारखान्यांना सवलती द्या, आमची हरकत नाही. पण 3 लाखांसाठी बाईला जामीनदार शोधत दारोदार फिरायला लावता, तेव्हा 'रोजगार निर्मिती' हे नाव आपण कोणासाठी ठेवले, याचे उत्तर द्यावे लागेल.

आमच्या तीन मागण्या आहेत. 10 लाखांच्या आतल्या प्रत्येक प्रकरणात तारण मागणाऱ्या शाखेवर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे तक्रार जावी. कर्ज नाकारायचे असेल तर कारण लेखी, सही-शिक्क्यानिशी आणि ठरलेल्या मुदतीत मिळावे. वनहक्क पट्टेधारकांसाठी शासनाने स्वतः हमी घ्यावी.

यासाठी नवी योजना नको. जी आहे ती आपल्याच नियमांप्रमाणे चालवा, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत चालवा.

आपली,
एक अर्जदार, गोंडपिपरी तालुका, जि. चंद्रपूर