टोपीवरचं विमान

आमच्या कोल्हापुरात फेट्यावर तुरा खोचतात, विमानकंपनीचा बिल्ला कुणी लावत नाही. खरं तर विमानांशी या गावाचं नातं जुनं. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. परदेशी शौकीन टोपीवर पॅन ॲमचा निळा गोल मिरवतात. आपल्याकडे मिरवावा तो एअर इंडियाचा धनुर्धारी सेंटॉर, नाहीतर बॉबी कूका आणि उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेला मिशाळ महाराजा. (पगडीवाल्यालाच टोपीवर बसवायचं, म्हणजे गंमतच!) मला मात्र बुडालेल्या कंपन्यांचे बिल्ले जास्त आवडतात: वायुदूत, दमानिया, ईस्ट-वेस्ट, किंगफिशर. विमानं गेली, पितळ उरलं. घेताना पुढची चमक पाहून भुलू नका, बिल्ला उलटा करा. मिन्याचा टवका उडालेला चालतो; गंजकी पिन टोपी खाते. पिन तुटलीच असेल तर गुजरीतला, म्हणजे आमच्या सराफबाजारातला, एखादा कारागीर डाग देऊन नवी बसवील. आणि घरात कुणी विमानकंपनीत नोकरीला होतं का, विचारा. त्यांच्या गणवेशावरचा बिल्ला ट्रंकेत सापडला, तर तेवढा भंगारवाल्याला देऊ नका.