बंदिमोचन आणि टाळ्या

उत्सवाच्या रात्री आरती आटोपून तीर्थप्रसाद हाती पडला, की देवळाच्या ओसरीवर जी बैठक जमते, तिच्यात कधी सीमाप्रश्नाचे, कधी तंबाखूच्या भावाचे, तर कधी नातवंडांच्या नोकऱ्यांचे बोलणे निघते. परवा निपाणीस अशाच बैठकीत बोलणे निघाले ते एका युद्धपटाचे. आदल्या रात्री पुष्कळांनी घरी 'दीवार' पाहिला होता. १९७५ चा नव्हे, २००४ सालचा. १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती सापडलेले हिंदी सैनिक तेहतीस वर्षे कैदेत खितपत पडतात आणि अखेर त्यांतील मेजराचा मुलगा सीमा ओलांडून बापाला सोडवून आणतो, असे त्याचे कथानक. त्यावर मंडळींची मते तीन प्रकारची पडली. ती आम्ही शांतपणे ऐकून घेतली. पण तिन्ही आम्हांस अमान्य आहेत, म्हणूनच हा लेखप्रपंच.

पहिले मत असे, की रक्त सळसळले, असा चित्रपट वर्षातून एक तरी निघावा. दुसरे असे, की हे सारे थोतांड आहे. तुरुंग फोडून कोणी येत नसतो. तिसरे असे, की आपण त्र्याण्णव हजार परत दिले आणि आपले चोपन्न आणू शकलो नाही. हा त्या वेळच्या राज्यकर्त्यांचा दोष, त्याला आता कोण काय करणार?

थोतांड म्हणणाऱ्यांस आम्ही एकच नाव सांगतो: दिलीप परुळकर. फ्लाइट लेफ्टनंट परुळकर यांचे विमान डिसेंबर १९७१ मध्ये पडले आणि ते कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल व हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते बाहेर पडले, पेशावर गाठले आणि अफगाण सरहद्दीच्या वाटेला लागले. लंडी कोतल येथे त्यांनी लंडी खाना स्थानकाची वाट विचारली. नकाशावर ते स्थानक होते. प्रत्यक्षात ते इंग्रजांनी १९३२ सालीच बंद केले होते. त्या एका प्रश्नाने संशय आला आणि सरहद्द अवघी चारेक मैलांवर राहिली असता तिघे पकडले गेले. तेव्हा तुरुंग फोडणारे पुरुष आमच्यातच निपजले, हे निर्विवाद. पण हेही ध्यानात घ्यावे, की त्यांची सुटका त्या अतुल धाडसाने झाली नाही. ती झाली १ डिसेंबर १९७२ रोजी, वाघा सीमेवर, दोन्ही सरकारांनी कैद्यांची अदलाबदल केली तेव्हा.

येथेच रक्त सळसळणाऱ्यांशी आमचा खरा वाद सुरू होतो. मुलगा गेला, बापाला घेऊन आला, आम्ही टाळ्या पिटल्या आणि दिवा मालवून स्वस्थ झोपलो. जे काम राष्ट्राचे, ते पडद्यावरील एका तरुणाने तीन तासांत उरकून दिले, मग आमच्याकडे उरले काय? जो चित्रपट प्रेक्षकाचे ऋण प्रेक्षकाच्या वतीने फेडून टाकतो, तो त्याला शूर करीत नाही, निश्चिंत करतो. २००७ साली 'एकाहत्तर' याच नावाने दुसरा चित्रपट निघाला. त्याचा शेवट गोड नव्हता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण चित्रपटगृहांत प्रेक्षक मिळाला नाही. आमच्या रसिकतेचा हा ताळेबंद आम्हांस भूषणावह वाटत नाही.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी उड्डाणावर गेले ते परतले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांच्या नावांत त्यांच्या आडनावाशी मिळतेजुळते नाव त्याच सुमारास पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात छापून आले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. २००७ साली बेपत्ता सैनिकांचे नातलग पाकिस्तानातील तुरुंग पाहावयास गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. असे कोणीही कैदी आपल्याकडे नाहीत, असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. या चोपन्न घरांत कोणाला विधवा म्हणावे आणि कोणाला सौभाग्यवती, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडेच राहिला नाही. हळदीकुंकवाच्या ताटाशी ही गोष्ट किती घट्ट बांधलेली आहे, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आता तिसरे मत. तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार लढाई थांबताच युद्धकैदी विनाविलंब सोडावयाचे असतात. आपण सोडले, समोरच्याने सारे सोडले किंवा कसे, याची खातरजमा पुरेशी झाली नाही. पण दिवंगत राज्यकर्त्यांस शिव्या देणे हीसुद्धा एक प्रकारची टाळीच होय. तिनेही मन मोकळे होते आणि काम तसेच राहते. 'कोण काय करणार' याचे उत्तर आपल्या दाराशीच आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्या कैदेत होते. १९६२ च्या मे महिन्यापर्यंत ते मायदेशी पोहोचलेही. पण १९५५ साली बेती येथील चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेलेले मोहन रानडे त्यानंतरही जवळजवळ सात वर्षे पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. तेव्हा कोणी ओसरीवर बसून हळहळत राहिले नाही. सुधीर फडके यांनी सुटकेसाठी समिती उभारून लोकमत जागे ठेवले. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई रोमला गेले असता त्यांनी पोपजवळ रानड्यांसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मराठी गायक, तमिळ मुख्यमंत्री आणि रोमचे धर्मगुरू! या बंदिमोचनात एकही गोळी झाडली गेली नाही, म्हणून त्यावर कोणी रक्त सळसळविणारा चित्रपट काढीत नाही.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. १६८९ साली रायगड पडला आणि येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून सनदा आणल्या, त्या वेळी त्यांनाही परत आणले. तीस वर्षे! त्या काळात छत्रपती बदलले, औरंगजेब मेला, राजधानी हलली. पण कैदेतील राजमातेचे नाव मागण्यांच्या यादीतून कोणी गाळले नाही.

एक चौथे मत होते. ते उघड कोणी बोलले नाही, पण त्याची कुजबुज झाली: हाती सापडला तो शिपाई कसला? बेळगावच्या परिसरात तरी हा शब्द निघू नये. ज्या मराठा पलटणींचे केंद्र शंभर वर्षांपासून बेळगावी आहे, त्यांच्या पूर्वीच्या १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात अडकल्या. जवळजवळ पाच महिने त्या उपाशीपोटी झुंजल्या. त्यांना सोडविण्यास निघालेल्या फौजेची सुमारे तेवीस हजार माणसे मेली वा जखमी झाली, तरी वेढा उठला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापतीने शरणागती पत्करली आणि शिपायांस वाळवंटातून चालविण्यात आले. कित्येक वाटेतच गेले. शरण जावयाचे की नाही, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

नरकचतुर्दशीस आपण पहाटे कारीट चिरडतो. गोव्यात नरकासुराच्या प्रतिमा जाळतात. असुर मेला एवढेच आपल्या ध्यानी राहिले. पण त्या कथेचा गाभा सोळा सहस्र बंदिवान स्त्रियांची मुक्तता हा आहे, आणि मुक्त केल्यावर श्रीकृष्णाने त्यांना सन्मानाने आपल्या घरात घेतले, हा आहे. असुर मारणे एका दिवसाचे काम. बंदिवानांस आपले म्हणणे हे जन्माचे व्रत.

आजही बंदिवान आहेतच. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी भारत व पाकिस्तान परस्परांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या याद्यांत आपले मच्छीमार असतात. त्यांत पालघरकडचेही असतात. समुद्रावर न दिसणारी रेषा ओलांडली, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्यासाठी ओसरीवर कोणाचे रक्त सळसळल्याचे आमच्या पाहण्यात नाही. १९५६ पासून रेंगाळलेल्या प्रश्नाच्या छायेत वाढलेल्या आम्हां सीमावासीयांस तरी, माणसांचे भवितव्य फायलीत पडून राहणे म्हणजे काय, हे कळावयास हवे.

चित्रपट अवश्य पाहावा. परंतु तो संपल्यावर 'कसा वाटला?' एवढेच न विचारता 'किती परत आले?' हेही विचारावे. आणि वर्षातून दोनदा ती यादी प्रसिद्ध होईल, तेव्हा आपल्या खासदारास एक पत्र लिहावे. टाळीला दोन हात लागतात. पत्राला एकच पुरतो.