अर्ज आबांचा, मेल मात्र सेंटरवाल्याचा! ऑनलाइन कारभारात म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुणाकडं?

केज : "आबा, मेल आयडी हाय का?"
"त्ये काय असतंय लेकरा? तुझाच टाक की."

तालुक्याच्या गावी कुठल्याही ऑनलाइन सेंटरवर तासभर थांबलं तर असा संवाद कानावर पडतोच. सेंटरवाल्या पोरापुढं रांग असते. तो स्वतःचा मेल टाकतो, अर्ज सबमिट करतो आणि पावती हातात देतो. काम झालं म्हणून आबा गावची गाडी धरतात. पण अर्जात त्रुटी निघाली की मंजुरी आली, याचा निरोप आबांच्या घरी येत नाही. तो दुसऱ्याच्याच मेलमध्ये पडून राहतो. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा हेलपाटा, पुन्हा रांग, पुन्हा पैसे.

निम्मा कारभार स्क्रीनवर

२०१९ मध्ये पीएम किसान आली. वर्षाला ६ हजार रुपये थेट खात्यात, पण पुढं त्याला ई-केवायसी लागली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याकडं असलेली पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी बंधनकारक झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींनाही ई-केवायसी लागू झाली आणि त्यात पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला. साठीतल्या विधवा बाईनं तो आणायचा कुठून, याचं उत्तर वेबसाइटवर सापडेना.

त्याच सप्टेंबरात मांजरेला पूर आला. नदीकाठची सोयाबीन पाण्यात गेली, माती वाहून गेली. पुढं अनुदानासाठीसुद्धा आधी विशिष्ट क्रमांक शोधा, मग सेंटरवर जाऊन ई-केवायसी करा, हीच पद्धत होती. फार्मर आयडी असलेल्यांना नंतर यातून सूट मिळाली. म्हणजे ऑनलाइन कागद ज्याचा आधीच नीट होता, त्याचीच वाट सोपी झाली. ज्याचा नव्हता, त्याच्यावर एकाच वेळी दोन संकटं आली.

शिकवलं कुणाला?

सरकारनं काहीच शिकवलं नाही, असं म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झालं. देशातल्या ६ कोटी ग्रामीण लोकांना २० तासांचं प्रशिक्षण द्यायचं होतं. ईमेल, इंटरनेट, सरकारी सेवा सगळं त्यात होतं. पण अट होती घरटी एक माणूस आणि वय १४ ते ६०. घरातून अर्थातच शिकतं पोरगं गेलं. साठीच्या पुढच्या माणसाला त्या वर्गात बसायची मुभाच नव्हती. मार्च २०२४ मध्ये अभियान संपलं. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज होती, ते बाहेरचे बाहेरच राहिले.

शिकलेलं पोरगं तरी गावात कुठं आहे? केज, धारूर, वडवणी हा ऊसतोड मजुरांचा पट्टा. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन माणसं कारखान्यावर जातात. काही पोरं पुण्यात कंपनीत असतात. गावात राहतात ती म्हातारी माणसं. आधारला जोडलेला नंबर मात्र पोराचा असतो. इथं सेंटरवर अंगठा उठत नाही, म्हणून ओटीपी मागवायचा. तिकडं पोरगं उसाच्या फडात, मोबाइल खोपीत. फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपते.

भरवसा आणि धोका

सेंटरवाल्यालाच दोष देऊन चालणार नाही. सर्व्हर बंद पडला तर शिव्या तोच खातो. आपले सरकार केंद्राचं सेवा शुल्क २०२५ मध्ये २० वरून ५० रुपये झालं, पण ते काम करून देण्याचं शुल्क आहे. शिकवण्यासाठी त्याला कुणी पैसे देत नाही. रांगेत वीस माणसं असताना तो आबांना ब्राउझर समजावत बसणार कसा?

पण माणसाची सगळी ओळखच दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, हेही बीड जिल्ह्यानं पाहिलंय. एक रुपयातल्या पीक विम्यात बोगस अर्ज सापडले, बीडचं नाव राज्यभर झालं, सेवा केंद्रांवर कारवाया झाल्या. शेवटी २०२५ मध्ये एक रुपयाची योजनाच बंद झाली. त्याचा भुर्दंड प्रामाणिक शेतकऱ्यालाही बसला.

दुसरा धोका घरातल्या मोबाइलवरच येतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की ओटीपी परस्पर चोराकडं जातात आणि खातं रिकामं होतं. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी खोट्या वेबसाइटही निघाल्या होत्या. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर दिसणारी लिंक कधी कधी पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. वर दिसली म्हणजे सरकारी, असं समजून माणूस फसतो.

फार काही लागत नाही

म्हाताऱ्या माणसाला संगणकाचा कोर्स नको आहे. चार गोष्टी पक्क्या झाल्या तरी बरंच निभतं. पहिली, सरकारी वेबसाइटचा पत्ता साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन'नं संपतो. माहिती भरायच्या आधी ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्त्याचा शेवट बघायचा. दुसरी, अर्जावर मेल आणि नंबर स्वतःचा किंवा घरच्याचाच टाकायचा. तिसरी, सेंटरच्या संगणकावर मेल उघडला तर 'पासवर्ड सेव्ह करू का' याला नाही म्हणायचं आणि उठताना लॉगआउट करायला लावायचं. चौथी, पैसे गेलेच तर लाजून गप्प बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा.

एकदा काढून विसरलेल्या मेलचंही ध्यानात ठेवायला हवं. दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते खातं काढून टाकू शकतं. म्हणून आयडी आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून, बँकेच्या पासबुकासोबत ठेवलेला बरा. वही घरात जपून राहते, सेंटरच्या संगणकावरचा पासवर्ड कोण बघेल याचा नेम नाही.

हे शिकवायचं कुणी? पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचं उदाहरण समोर आहे. २०१४ मध्ये जीवन प्रमाण ही डिजिटल सोय आली आणि आता पोस्टमन घरी येऊनही हा दाखला काढून देतो. मदत माणसाच्या दारापर्यंत नेता येते, हे त्यातून दिसलंच. मग आठवड्यातून एक दिवस, बाजारचा दिवस सोडून, ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात दोन तास असं मदतीचं टेबल का लागू नये? ग्रामपंचायतीत संगणक आहे. गावात दहावी-बारावीची पोरं-पोरी आहेत. लागतो तो ग्रामसभेचा एक ठराव आणि ग्रामसेवकाची देखरेख. एकच नियम पाळायचा, की माऊस आणि मोबाइल आबांच्याच हातात राहील. पोरानं फक्त बोटानं दाखवायचं.

सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लागलं तर आबा कोर्टाची पायरी चढतील. अर्जावर दुसऱ्याचा मेल लागतो, तेव्हा मात्र कुणालाच काही वाटत नाही. उद्या अनुदान, विमा, पेन्शन सगळं त्याच पत्त्यावर येणार आहे, एवढं जरी गावोगाव कळलं तरी सेंटरवरचा संवाद बदलेल. "तुझाच टाक" म्हणणारे आबा खिशातली चिठ्ठी काढून म्हणतील, "हा घे, माझा टाक."